अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या जुन्या बँक नोटा: ओळखायच्या कशा आणि जमवायला सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना नाणी-नोटांचा नाद असतो ते आधी स्टेट क्वार्टर जमवतात, मग दोन डॉलरची नोट घेतात, एखादं चांदीचं डॉलर घेतात आणि तिथे गाडी थांबते. थांबवू नका. या देशात एक काळ असा होता की दोन-तीन हजार वस्तीच्या गावातल्या बँकेच्या नावाने नोट छापली जायची, त्यावर त्या गावाचं नाव, त्या बँकेचा नंबर आणि गावातल्याच कॅशियरची आणि प्रेसिडेंटची सही असायची, आणि ती नोट देशभर चालायची. यांना नॅशनल बँक नोट म्हणतात. १८६३ ते १९३५ एवढा काळ त्या निघाल्या आणि बारा हजारांहून जास्त बँकांनी काढल्या. म्हणजे तुम्ही आज जिथे राहताय त्याच्या दहा-वीस मैलांत कुठल्यातरी गावाची नोट असण्याची शक्यता खूपच जास्त आहे. हा लेख अगदी नवख्यासाठी आहे, नोट हातात घेतल्यावर काय बघायचं इथपासून.

आधी थोडा इतिहास, कारण तो नसेल तर नोटेवरचं अर्धं कळत नाही

सिव्हिल वॉर चालू होतं, सरकारला पैसा हवा होता आणि बाजारात शेकडो राज्य-बँकांच्या नोटांचा गोंधळ होता. मग फेब्रुवारी १८६३ मध्ये कायदा आला आणि १८६४ मध्ये तो सुधारून पुन्हा केला. सिस्टीम अशी की बँकेने वॉशिंग्टनकडून चार्टर म्हणजे बँक चालवायचा नंबर असलेला परवाना घ्यायचा, सरकारी बाँड विकत घेऊन ते ट्रेझरीत ठेवायचे आणि त्या बदल्यात बाँडच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा मिळायच्या, त्या नोटांवर बँकेचं नाव. बँक बुडाली तरी नोट बुडत नाही कारण मागे बाँड आहेत. मग राज्य-बँकांच्या नोटांवर १० टक्के टॅक्स लावला आणि त्या बाजारातून गेल्याच. गंमत म्हणजे जवळपास त्याच वेळी आपल्याकडे बरोब्बर उलटं झालं, १८६१ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेसारख्या बँकांचा नोटा काढायचा हक्क काढून सरकारने स्वतःकडे घेतला, आणि इथे दोन वर्षांनी गावोगावच्या बँकांना नोटा मिळायला लागल्या.

छोट्या गावांसाठी खरी महत्त्वाची तारीख मात्र १४ मार्च १९००. त्या दिवशीच्या गोल्ड स्टँडर्ड कायद्याने ३००० किंवा त्याहून कमी वस्तीच्या गावात फक्त २५००० डॉलर भांडवलावर नॅशनल बँक काढता यायला लागली आणि नोटाही बाँडच्या पूर्ण किमतीएवढ्या मिळायला लागल्या. आधी ५०००० लागायचे. त्यानंतर धान्याच्या कोठाराशेजारी, खाणीच्या तोंडाशी, रेल्वे स्टेशनसमोर अशा बँकांचं पीकच आलं. आता हिशोब बघा. एवढ्या छोट्या बँकेला भांडवलाच्या चौथा हिस्सा बाँड ठेवावेच लागायचे, म्हणजे ६२५० डॉलर, आणि बऱ्याच बँकांनी तेवढ्याच नोटा घेतल्या. दहा आणि वीस डॉलरच्या नोटांचं एक शीट म्हणजे तीन दहाच्या आणि एक वीसची, ५० डॉलर. ६२५० म्हणजे १२५ शीट, ५०० नोटा. एका वेळी त्या बँकेच्या एवढ्याच नोटा बाजारात! फाटल्या की बदलून मिळायच्या, त्यामुळे वर्षानुवर्षांची बेरीज जास्त होते, पण जुन्या परत जाऊन नष्ट व्हायच्या. म्हणून एखाद्या गावाची आज एकच नोट माहीत असते, आणि काही गावांची तर एकही नाही.

पायरी १: ही नॅशनल नोट आहे का ते ठरवा

वर किंवा बाजूला नॅशनल करन्सी असं लिहिलेलं असतं. बँकेचं नाव, गाव, राज्य असतं आणि चार्टर नंबर असतो. सगळ्यात जुन्या म्हणजे १८७४ च्या आधीच्या ओरिजिनल सिरीजवर चार्टर नंबर नसतो, पण तशी नोट नवख्याच्या हाती सहज लागत नाही त्यामुळे सध्या सोडून द्या.

इथे एक सापळा आहे आणि त्यात खूप जण अडकतात. १९३३ मध्ये छोट्या आकारातली, १९२९ सिरीज लिहिलेली फेडरल रिझर्व्ह बँक नोट निघाली (फेडरल रिझर्व्ह म्हणजे इथली मध्यवर्ती बँक), त्यावरही नॅशनल करन्सी लिहिलंय, शिक्का तसाच तपकिरी, लांबून सेम टू सेम. पण बँकेच्या नावाच्या जागी फेडरल रिझर्व्ह बँक ऑफ शिकागो, क्लीव्हलँड वगैरे बारा शहरांपैकी एक असतं आणि चार्टर नंबरऐवजी जाड काळं इंग्रजी अक्षर असतं. ती नोट चांगली आहे, जमवा हवं तर, पण ती गावच्या बँकेची नोट नाही. नंबर आहे की अक्षर आहे एवढं बघितलं तरी काम होतं.

पायरी २: मोठी का छोटी

जुलै १९२९ च्या आधीच्या सगळ्या नोटा आकाराने मोठ्या, साधारण १८९ बाय ७९ मिलिमीटर. नंतरच्या आजच्या डॉलरएवढ्या, १५६ बाय ६६. मोजपट्टी लागतच नाही, हातात घेतलं की कळतं. नवख्याने छोटीपासून सुरू करावं असं माझं मत आहे, कारण त्या वाचायला सोप्या आहेत आणि जास्त टिकल्यात. त्यामुळे आधी छोटीच बघू.

पायरी ३: १९२९ ची नोट वाचणं

समजा दहा डॉलरची नोट आहे. मध्ये हॅमिल्टन, उजवीकडे तपकिरी शिक्का, तपकिरी सिरीयल नंबर. डावीकडे काळ्या शाईत बँकेचं नाव, गाव, राज्य. खाली कॅशियर आणि प्रेसिडेंटच्या सह्या, त्याही काळ्या छापील. दोन्ही टोकांना उभा जाड काळा चार्टर नंबर. ही काळी शाई बाकीच्या नोटेवर नंतर मारलेली आहे, मूळ प्लेट सगळ्या बँकांना एकच होती, म्हणून नोटेची ओळख म्हणजे फक्त हे काळं छापकाम आणि तेच सगळ्यात आधी नीट वाचायचं.

यात दोन टाइप. टाइप १ हा १९२९ ते १९३३ चा, त्यात चार्टर नंबर फक्त काळा आणि सिरीयलच्या पुढे-मागे दोन्हीकडे अक्षर. मोठ्या नोटांच्या चारच्या शीटऐवजी इथे एका शीटवर सहा नोटा असायच्या आणि सहाही नोटांचा आकडा तोच, फक्त पुढचं अक्षर ए ते एफ बदलायचं, शेवटी ए. म्हणजे ए०००००१ए, बी०००००१ए असं एफपर्यंत. टाइप २ हा १९३३ ते १९३५ चा, त्यात सिरीयलच्या शेजारी तपकिरी शाईतही चार्टर नंबर येतो, शेवटचं अक्षर जातं आणि प्रत्येक नोटेचा आकडा वेगळा होतो. म्हणजे टाइप १ मध्ये आकडा ०००१०० असेल तर बँकेने त्या किमतीची निदान १०० शीट म्हणजे ६०० नोटा घेतल्या, पण टाइप २ मध्ये तोच आकडा असेल तर निदान १०० नोटा. हा फरक विसरला की दुर्मिळतेचा सगळा हिशोब चुकतो.

टाइप २ कमी काळ चालला आणि छोट्या बँकांमध्ये तो फारच थोडा निघाला, म्हणून एकाच बँकेचे दोन्ही टाइप समोर आले तर बहुतेक वेळा मी टाइप २ ला आधी हात घालतो.

पायरी ४: मोठ्या नोटेची सिरीज

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण नोटेवर १९०२ लिहिलेलं असतं आणि विकणारा म्हणतो ही १९०२ ची नोट. तसं नाही. १९०२ ही सिरीज १९२९ पर्यंत छापत होते. आणि पुढच्या बाजूला जी तारीख असते, दिवस महिना वर्ष, ती बहुतेक बँकेच्या चार्टरशी किंवा त्याच्या मुदतवाढीशी जोडलेली असते, छपाईशी नाही.

ओळख अशी करा. १९०२ सिरीजमध्ये शिक्का लाल असेल तर १९०२ ते १९०८, ही सगळ्यात हवीहवीशी. शिक्का निळा आणि मागे १९०२-१९०८ अशा तारखा असतील तर डेट बॅक, १९०८ ते १९१६ च्या सुमाराची. निळा शिक्का आणि मागे तारखा नाहीत तर प्लेन बॅक, तिथून १९२९ पर्यंत, आणि नवख्याला सगळ्यात जास्त हीच दिसते. चित्रं लक्षात ठेवा, पाचावर बेंजामिन हॅरिसन, दहावर मॅकिन्ली, वीसवर ह्यू मॅकलॉक.

त्याच्या आधीची १८८२ सिरीज. ब्राउन बॅक म्हणजे मागची बाजू तपकिरी आणि मध्ये चार्टर नंबर मोठ्या हिरवट आकड्यांत, दिसायला मला तरी यापेक्षा देखणी अमेरिकन नोट माहीत नाही. मग तिचीही डेट बॅक, १८८२-१९०८ लिहिलेली, आणि शेवटची व्हॅल्यू बॅक ज्यात मागे किंमत अक्षरात मोठी लिहिलेली असते. आता प्रश्न पडेल की १९०२ सिरीज आल्यावर १८८२ वाल्या कशा निघत होत्या, तर बँकेचा चार्टर वीस वर्षांचा असायचा आणि ती मुदत संपेपर्यंत त्या बँकेला जुन्याच डिझाइनच्या नोटा मिळायच्या. म्हणून एकाच गावात दोन बँका, एकीच्या १८८२ च्या आणि समोरच्या बँकेच्या १९०२ च्या, दोन्ही एकाच वेळी चालू.

सगळ्यात आधीची, १८६३ नंतरची ओरिजिनल आणि १८७५ सिरीज, त्यात एक आणि दोन डॉलरच्याही नोटा होत्या. दोनच्या नोटेवर भला मोठा दोनचा आकडा आडवा झोपवलाय म्हणून तिला लेझी ड्यूस म्हणतात. याच्या किमती ऐकून सध्या नुसतं बघून समाधान मानायचं.

मोठ्या नोटेवर दोन वेगळे सिरीयल असतात, एक ट्रेझरीचा आणि एक बँकेचा. बँकेचा लहान असतो आणि तोच आपल्या कामाचा, बँकेने किती शीट घेतली ते त्यावरून कळतं. १९२५ नंतर ट्रेझरीचा नंबर बंद झाला आणि दोन्ही ठिकाणी बँकेचाच यायला लागला. काही नोटांवर एन, ई, एस, एम, डब्ल्यू, पी असं एक मोठं अक्षरही चार्टरजवळ असतं, ते न्यू इंग्लंड, पूर्व, दक्षिण, मिडवेस्ट, पश्चिम आणि पॅसिफिक अशा भागांचं, परत आलेल्या नोटा वॉशिंग्टनमध्ये लावताना सोपं जावं म्हणून.

पायरी ५: सह्या

मोठी नोट टेबलावर सपाट ठेवून बघू नका, तिरकी धरा, दिव्याचा उजेड बाजूने येऊ द्या. वॉशिंग्टनहून बँकेत न कापलेली शीट यायची, कॅशियर आणि प्रेसिडेंट त्यावर सह्या करायचे आणि मग ती शीट बँकेतच कापायचे. म्हणून कडा वाकड्या असतात, एका बाजूला मार्जिन जाड आणि दुसऱ्या बाजूला चित्राला लागून, हा दोष समजू नका. डावीकडे कॅशियर, उजवीकडे प्रेसिडेंट. कधीकधी प्रेसिडेंट शब्दाच्या आधी हाताने व्हाइस लिहिलेलं असतं कारण साहेब गावाला गेले होते, आणि ते बारीक अक्षर वाचलं की बँकेतला तो दिवस समोर उभा राहतो. शाईच्या सह्या उडतात, रबर स्टँपच्या तर जांभळट डाग होऊन राहतात. तिरक्या उजेडात पेनाच्या निबाची खोलगट रेघ दिसते, आणि यूव्ही टॉर्च मारली की उडालेली जुनी शाई बऱ्याचदा गडद होऊन वाचता येते. सही फारच ताजी आणि काळीभोर असेल, बाकी नोट मळकी असूनही, तर कुणीतरी नंतर गिरवली असण्याचा संशय घ्या.

पायरी ६: बँक आणि गाव शोधणं

आता खरी मजा. कॉम्प्ट्रोलर ऑफ द करन्सी म्हणजे नॅशनल बँकांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, त्याचे वार्षिक रिपोर्ट सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या फ्रेझर या साइटवर स्कॅन करून फुकट ठेवलेत. त्यात राज्यानुसार गावं, प्रत्येक बँकेचा प्रेसिडेंट, कॅशियर, भांडवल आणि किती नोटा बाहेर आहेत ते दिलंय. नोटेवरच्या दोन सह्या कुठल्या वर्षीच्या रिपोर्टात एकत्र येतात ते शोधलं की नोट साधारण कधीची ते दोन-चार वर्षांत पकडता येतं. त्या माणसांबद्दल जास्त हवं असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं ऑनलाइन ठेवलीत, त्यात गावचं नाव टाका. कॅशियर बाईची सही असलेल्या नोटा आहेत आणि त्यांना वेगळी मागणी असते. सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्स ही १९६१ पासूनची संस्था आहे, तिचं सभासदत्व घ्या, बँकांच्या इतिहासावर त्यांच्या लोकांनी खूप काम केलंय. स्मिथसोनियन म्युझियमकडे मूळ प्लेट्सचे प्रूफ म्हणजे नमुना छाप आहेत, तेही ऑनलाइन बघता येतात, नोट फाटकी असेल तर तिथे पूर्ण डिझाइन दिसतं.

नावातला एक बारीक शब्द मात्र नीट बघा. फर्स्ट नॅशनल बँक ऑफ अमुक आणि फर्स्ट नॅशनल बँक इन अमुक या दोन वेगळ्या बँका असतात. जुनी बँक बंद पडली किंवा नव्याने उभी राहिली, तर जुनं नाव तसंच घेता येत नसल्यामुळे बऱ्याचदा ऑफच्या जागी इन घालून नवी बँक काढायचे, चार्टर नंबर वेगळा. मार्च १९३३ च्या बँक हॉलिडेनंतर, म्हणजे सरकारने देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवल्या त्यानंतर, असं खूप झालं. या इन वाल्या बँकांना नोटा काढायला वेळच थोडा मिळाला, त्यामुळे १४००० च्या पुढचा चार्टर दिसला तर जरा थांबून बघा, ते अगदी शेवटचे.

गावांची नावंही बदलतात. पेनसिल्व्हेनियातलं मॉक चंक हे गाव १९५४ पासून जिम थॉर्प झालंय, आज नकाशावर मॉक चंक शोधाल तर सरळ सापडणार नाही पण फर्स्ट नॅशनल बँक ऑफ मॉक चंकची नोट आहे. आणि न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या आपल्या एवढ्या मराठी लोकांनी एडिसनची नोट शोधायला जाऊ नका, ती नाहीच, कारण ते गाव १९५४ पर्यंत रॅरिटन टाउनशिप होतं. शेजारचं न्यू ब्रन्सविक बघा, तिथली नॅशनल बँक ऑफ न्यू जर्सी जुनी बँक आहे.

पायरी ७: काय घ्यायचं

माझा सल्ला सरळ आहे, एक काउंटी पकडा. अख्खं राज्य नको. पेनसिल्व्हेनियात तर सगळ्यात जास्त नॅशनल बँका होत्या, तिथे एक काउंटी म्हणजेच भरपूर काम आहे. काउंटीतल्या सगळ्या बँकांची यादी काढा, चार्टर नंबर, कधी सुरू झाली, कधी बंद पडली, आणि मग कुठल्या बँकेच्या नोटा बाजारात येतात ते लिलावांच्या जुन्या निकालांत बघा. हेरिटेज आणि स्टॅक्स बॉवर्स या दोन लिलाव कंपन्यांचे जुने निकाल फोटोसकट बघता येतात. दोन-तीन महिने काहीही विकत न घेता नुसतं हे केलं तरी डोळा तयार होतो.

मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेची १९२९ ची वापरलेली दहा-वीसची नोट शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळते आणि शिकण्यासाठी एखादी जरूर घ्या. पण तिथे अडकू नका. कॉइन शोमधला दुकानदार आधी ग्रेड सांगेल, किती कोरी आहे ते. नॅशनल नोटेत गाव आधी येतं, बँक मग, सिरीज मग आणि ग्रेड शेवटी. न्यूयॉर्कच्या बँकेची करकरीत नोट पुन्हा कधीही मिळेल. एकच बँक असलेल्या गावाची, मधे घडी पडलेली, कोपऱ्याला टाचणीचं भोक असलेली नोट पुन्हा पाच वर्षं दिसणार नाही, आणि पुष्कळ छोट्या गावांच्या नोटा अशाच अवस्थेत मिळतात कारण त्या खरंच वापरल्या गेल्या. फक्त नाव, गाव आणि चार्टर वाचता आलं पाहिजे, ते गेलं असेल तर सोडून द्या.

घेण्याआधी भिंगाखाली काळं छापकाम बघा. १९२९ ची स्वस्त नोट घेऊन तिच्यावरचं बँकेचं नाव खरवडायचं आणि दुर्मिळ गावाचं छापायचं असे उद्योग होतात. खरवडलेल्या जागी कागद पातळ आणि केसाळ होतो, उजेडासमोर धरलं की कळतं. कागदात बारीक लाल-निळे धागे असायला हवेत, छापलेले नाही, कागदात मुरलेले. चार्टर नंबर आणि गाव कॉम्प्ट्रोलरच्या यादीशी जुळतात का ते तिथल्या तिथे फोनवर बघा. महाग नोट असेल तर पीएमजी किंवा पीसीजीएस या नोटा तपासणाऱ्या कंपन्यांनी तपासून पाकिटात बंद केलेलीच घ्या, सुरुवातीला तरी.

एक सांगून ठेवतो, या नोटा आजही दर्शनी किमतीला कायदेशीर चलन आहेत, १८६१ पासूनचं सगळंच अमेरिकन चलन तसं आहे. त्यामुळे कधीकधी कुणाच्या आजोबांच्या डब्यातून निघालेली नोट बँकेत जमा करायला निघालेले लोक भेटतात, त्यांना थांबवा.

पायरी ८: जपणं आणि नोंद

मायलार या पॉलिस्टर प्लॅस्टिकचे कडक पाकीट वापरा. पीव्हीसीचे मऊ स्वस्त प्लॅस्टिक नको, ते काही वर्षांत चिकट होतं आणि नोटेवर हिरवट थर येतो. धुऊ नका, इस्त्री करू नका, टेप लावू नका, खोडरबर तर बिलकुल नको. तळघरात ओल असते, तिथे ठेवू नका.

प्रत्येक नोटेची नोंद ठेवा, बँकेचं पूर्ण नाव, गाव, काउंटी, चार्टर, सिरीज आणि टाइप, सिरीयल, सह्या, कुठून कितीला घेतली. दोन्ही बाजूंचा स्कॅन. नॅशनल नोटांचा सेन्सस ठेवणारे अभ्यासक आहेत, कुठल्या बँकेच्या किती नोटा माहीत आहेत ते सिरीयलसकट. तुमच्याकडची नोट त्यात नसेल तर स्कॅन पाठवून द्या. छोट्या गावाच्या बाबतीत तुमच्या एका नोटेने त्या बँकेचा आकडा एकावरून दोनवर जाऊ शकतो, आणि पुढच्या वेळी त्या गावाबद्दल कुणी शोधायला आलं तर त्याला बघायला काहीतरी असेल.